पलीकडून पंपवाली बोलतेय

मी हेडफोन बोलतोय. हसू नका. बोलणं हे माझं काम नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. आयुष्यभर मी एकाचं दुसऱ्याच्या कानात घातलं आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या. पण आज मला गप्प बसवत नाही. आज आमच्याकडे नवे स्वयंसेवक यायचे आहेत आणि सकाळपासून माझ्या तारेत नुसती झिणझिण चालली आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. डोक्यावर बसायला पट्टी, दोन गुबगुबीत कान आणि डाव्या कानाखालून ओठांकडे वळलेली माइकची दांडी, असा माझा थाट. पहिली नोकरी लागली ती कपडे धुण्याच्या मशीन विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात. तिथे मी माणसांचा राग ऐकला. 'हॅलो' म्हणायची फुरसत कोणाला नसे. मला डोक्यावर घेणारी मुलगी तोंडाने म्हणायची, "तुमची गैरसोय झाली, क्षमा असावी," आणि त्याच वेळी टेबलाखालच्या कचऱ्याच्या बादलीला लाथ मारायची. माणसं फोनवर किती गोड बोलतात हे ऐकायचं असेल तर कानांनी ऐकावं. खरं काय ते बघायचं असेल तर पायांकडे बघावं.

पुढे ते ऑफिस दुसरीकडे गेलं. आम्हा भावंडांना एका खोक्यात कोंबलं, तारांचा गुंता झाला, आणि एका भल्या माणसाने ते खोकं उचलून बाईंच्या संस्थेत आणून दिलं.

बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्या ही संस्था चालवतात. समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ देशात खेडी आहेत, तिथल्या तरुण मुलामुलींचं शिक्षण अर्ध्यावर सुटू नये म्हणून इथली माणसं त्यांना फोनवरून शिकवतात. इकडे संध्याकाळ असते, तिकडे दुपार. त्यांची भाषा आम्हाला येत नाही, आमची त्यांना येत नाही. मग दोघांनाही अर्धीमुर्धी येणारी एक मधली भाषा असते, तिच्यावर गाडा चालतो.

मागच्या वर्षी नव्या स्वयंसेवकांची अशीच एक तुकडी आली, आणि तिच्यात एक सासू-सून होत्या.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला. दुकानाच्या दारावर बाईंनी लावलेली सूचना तिने वाचली आणि घरी सहज बोलली. सासूबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. जन्मभर काउंटरवर परदेशी जाणारी पार्सलं तोलली, स्वतः मात्र विमानतळाचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या ताडकन उठल्या. "मीही येते. मी नाही गेले परदेशी, आवाज तरी जाईल!"

सुनेचा चेहरा मला आठवतो. घरात आहेतच, आता इथेही!

पहिल्या दिवशी सरावासाठी प्रत्येकाने मला डोक्यावर घालून एक वाक्य बोलायचं होतं. सून आठवडाभर तयारी करून आलेली. छान, सावकाश, हातवारे करत बोलली. बोलणं संपलं तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "सुंदर. आता माइक चालू करून पुन्हा." माझ्या दांडीवरची ती छोटी कळ भल्याभल्यांची फजिती करते.

मग सासूबाई. त्यांनी मला केसांवर ओढलं, कर्णफुलं माझ्या गादीत रुतली आणि त्यांनी अशी हाक मारली की खालच्या दुकानातल्या कारागिराने वर बघितलं.

"आई, परदेश लांब आहे म्हणून ओरडायचं नसतं," सून म्हणाली.

"अगं, पोचायला नको का?"

सगळे हसले. मला मात्र तो आवाज आवडला. एवढी वर्षं माझ्यातून लोक ओरडले ते रागाने. आनंदाने ओरडणारं हे पहिलंच डोकं.

त्यांना पहिली विद्यार्थिनी मिळाली ती एका डोंगरावरच्या गावची मुलगी. पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करायला शिकवणाऱ्या तांत्रिक शाळेत तिला जायचं होतं. त्यासाठी प्रवेश परीक्षा, आणि परीक्षेत गणित. गणितात ती आधी आपटली होती. सासूबाईंनी न बघताच तिचं नाव ठेवून टाकलं, पंपवाली.

ठरलेल्या संध्याकाळी फोन लागला. सासूबाईंच्या डोक्यावर मी, शेजारी वही उघडून सून, मागच्या टेबलाशी बाई. पलीकडे वारा घोंघावत होता. नेटवर्कसाठी ती टेकाडावर चढून आली होती.

"नमस्कार! मी तुझी नवी शिक्षिका!" सासूबाई म्हणाल्या.

"नमस्कार," पलीकडून बारीक आवाज आला. "मी निरोप घ्यायला आले आहे. मी आता शिकणार नाही."

हे फक्त मी ऐकलं आणि सासूबाईंनी. सून अजून पहिल्या गणितावर बोट ठेवून बसली होती.

हळूहळू कळलं ते असं. वडील नव्हते, काका घर चालवायचा. त्याने तिला बंदराच्या शहरात एका लाँड्रीत काम बघून दिलं होतं. रविवारी ट्रक जाणार, त्यातून ती जाणार. "काकांचं चुकत नाही," ती म्हणाली. "मी दोनदा नापास झाले. मला डोकंच नाही."

सासूबाई खुर्चीत सरसावून बसल्या. मग मधल्या भाषेत ठणकावून म्हणाल्या, "दोनदा? एवढंच? मी गणितात तीनदा नापास झाले!"

शेजारी सुनेच्या हातातलं पेन खाली पडलं. तिने माझ्या माइकवर हात ठेवला. "आई! तुम्ही तर सगळ्यांना सांगता, पहिल्या वर्गात पास झाले म्हणून!"

"झालेच होते. इयत्ता पहिलीत. हात काढ!"

पलीकडे वाऱ्याच्या आवाजात काहीतरी फुटल्यासारखं झालं. पंपवाली हसत होती. आमचं बोलणं तिला समजलं नव्हतं, पण दोन बायकांची चाललेली कुजबुज कुठल्याही भाषेत कळते.

"काका जवळ आहेत का तुझे?" सासूबाईंनी विचारलं.

मागे बाईंची खुर्ची करकरली. संस्थेचा नियम स्पष्ट होता. घरच्यांच्या निर्णयात आपण पडायचं नाही. बाई उठून जवळ येऊन उभ्या राहिल्या. पण तोवर पलीकडे टेकाडावरून हाका गेल्या होत्या आणि एक जाडाभरडा आवाज माझ्या कानात आला होता.

काकाला मधली भाषा येत नव्हती. त्यामुळे त्याचं बोलणं पंपवालीच आम्हाला सांगणार आणि आमचं त्याला. बिचारी स्वतःच्याच नशिबाची दुभाषी झाली.

"काका विचारतात, तुम्ही कोण?"

"सांग त्यांना, आज माझा पहिला दिवस आहे. पहिल्याच दिवशी माझी एकुलती एक विद्यार्थिनी ट्रकमध्ये बसवताय, मी आता घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

पलीकडे थोडं बोलणं झालं. मधल्या मध्ये तिने दोन्हीकडे जरा साखर पेरली असावी, असा मला दाट संशय आहे.

"काका विचारतात, परीक्षेला महिना आहे. ती पुन्हा नापास झाली तर?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेला प्रश्न ऐकू गेला नव्हता, पण त्यांच्या कपाळावर आलेला घाम दिसत होता. माझी गादीही ओली झाली होती.

"तर मी स्वतः तिला सांगेन, ट्रकमध्ये बस म्हणून," त्या म्हणाल्या. या वेळी ओरडल्या नाहीत.

पलीकडे वाऱ्यात दोघांचं भराभर बोलणं चाललं. मग पंपवालीचा आवाज, धापा टाकल्यासारखा. "काका हो म्हणाले! परीक्षेपर्यंत हो म्हणाले!"

सासूबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की माझी तार सुटता सुटता राहिली.

मग बाईंना हिशेब द्यायचा होता. "तुम्ही नियम मोडलात," बाई म्हणाल्या.

"मी त्यांना सांगितलं नाही हो. विचारलं फक्त."

"पुढच्या वेळी आधी मला विचारा."

"बाई," सून मधेच म्हणाली, "यांना नाही म्हणणं अवघड असतं. मी अनुभवाने सांगते."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

तो महिना मी कसा विसरेन! सासूबाईंचं बीजगणित गंजलेलं. मग सून समजावून सांगायची, सासूबाई पंपवालीकडून वदवून घ्यायच्या. दोघींना एकाच वेळी ऐकायचं असायचं, म्हणून माझा एक कान एकीला, दुसरा दुसरीला. दोघी गालाला गाल लावून बसायच्या आणि माझी पट्टी अशी ताणली जायची की एके संध्याकाळी ती मधोमध तडकली. सुनेने चिकटपट्टी गुंडाळली आणि गणित पुढे चालू झालं. मला दुखलं का? अहो, तक्रार विभागात धडधाकट राहण्यापेक्षा हे तडकणं बरं. तिथे फोन ठेवला की माणसं हुश्श करायची. इथे वेळ संपली की तिघींनाही वाईट वाटायचं. "एक शेवटचं!" पंपवाली म्हणायची, आणि ते शेवटचं कधीच शेवटचं नसायचं.

घरी जातानाही दोघी भांडत जायच्या. पण आता भांडण असायचं ते समीकरणावरून.

निकालाच्या दिवशी खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत. फोन लागला, पण पलीकडे नुसता कलकलाट. बहुधा सगळं गाव टेकाडावर चढलं होतं.

"काय झालं? अगं, जोरात बोल!" सासूबाई ओरडल्या.

"पास!" ती त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. "पास! पास! मला शाळेत घेतलं!"

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. असं त्यांचं कधी होत नाही. त्यांनी मला काढलं, सुनेच्या डोक्यावर बसवलं आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. सुनेने ऐकलं आणि तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. निकाल अजून खोलीत कोणाला कळला नव्हता, सगळे पुढे सरकले. मग ती कशीबशी म्हणाली, "काका म्हणतायत, शिकून आली की आधी आपल्या गावचा पंप दुरुस्त कर म्हणावं," आणि आमच्या त्या दोन खोल्यांत एवढा गजर झाला की खालचा कारागीर हातात पाना घेऊन धावत वर आला. त्याला वाटलं, जिना कोसळला.

आता माझं वय झालं आहे. उजवा कान मधूनच खरखरतो, गादीचे पापुद्रे लोकांच्या केसांत अडकतात. कपाटात नवे, चकचकीत हेडफोन आले आहेत. पण काल संध्याकाळी सासूबाईंनी बजावलं आहे, "नव्यांना पहिला धडा यावरच द्यायचा." त्या आता नव्या लोकांना शिकवतात. सून शेजारी उभी राहून त्यांचा आवाज कमी करते.

तुमच्या घरीही एखाद्या खणात माझा एखादा भाऊबंद तारेचा गुंता होऊन पडला असेल. त्याला बाहेर काढा. आणि त्याच्याबरोबर तुम्हीही या. तुम्हाला फार यायला पाहिजे असं नाही. नापास झालेले असलात तरी चालेल. कळ तेवढी चालू करा.

जिन्यावर पावलं वाजली. आले वाटतं. चष्मेवाला एक उंच गृहस्थ, त्यांच्यामागे हसणाऱ्या दोघी बहिणी. खुर्च्या सरकल्या. कोणीतरी मला उचललं, दोन थंडगार कान माझ्यात शिरले, आणि त्यांच्यामागे धडधडणारी एक शीर मला लागली. घाबरू नका हो, सगळ्यांचं असंच होतं.

बरं, आता माझं बोलणं पुरे. पलीकडे घंटी वाजतेय.