शेजारच्या सॉकेटातली चकती

अंडी उबवायचं यंत्र सकाळीच गप्प झालं, तशी वहिनींनी हातातली कोंड्याची पाटी खाली टाकली.

"पकड! अगं धाव, यंत्र मेलं!"

पकड म्हणजे त्यांची धाकटी नणंद. लहानपणी हातात पकड घेऊन दिसेल ते खोलून बसायची, म्हणून भावाने हे नाव ठेवलं. आता ती टीव्ही-मिक्सर दुरुस्त करून स्वतःच्या पायावर उभी होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. भाऊ पिल्लं पोचवायला सदा बाहेर, त्यामुळे घरातली उबवणी वहिनींच्या ताब्यात आणि तिच्यातली वीज पकडच्या.

पकडने मागचं झाकण काढलं. फ्यूज उडाला होता आणि त्याला लागून असलेली छोटी निळी चकती फुटून काळी पडली होती. तिने चकती कापून काढली, फ्यूज बदलला आणि यंत्र पुन्हा घुमू लागलं.

"झालं की!" वहिनींचा जीव भांड्यात पडला.

"अर्धंच झालं. नवी चकती बसवायला हवी. व्हॅरिस्टर म्हणतात तिला. माझ्याकडची संपलीय, मागवते."

"तिच्यावाचून चालतंय ना?"

"चालतंय. एरवी ती काहीच करत नाही. पण विजेचा दाब एकदम चढला, तर तो ती स्वतःवर घेते. नाहीतर यंत्राच्या मेंदूचा कोळसा व्हायचा."

"म्हणजे तुझ्या दादासारखी. एरवी काही करत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

चकत्या आल्या, पण उशिरा. तोवर अंडी शेवटच्या टप्प्यात आली होती. आता ती हलवायची नसतात, झाकण उघडायचं नसतं. पकड पेचकस घेऊन आली, तर वहिनी यंत्राला पाठ लावून उभ्या.

"हात लावायचा नाही. आतून टकटक ऐकू येतेय."

"मी मागची बाजू उघडतेय वहिनी, अंड्यांची नाही. पण बंद करावं लागेल थोडा वेळ."

"एकदा बंद पडलं तेव्हा माझा श्वास अडकला होता. आता हाताने बंद करू? चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस बाई."

पकडला राग आला. पाय आपटत ती आपल्या खोलीत गेली, चकती बोटांत फिरवत बसली. वहिनींचं चूक नव्हतं, हे तिला कळत होतं, आणि त्यानेच जास्त राग येत होता. मग तिच्या ध्यानात आलं, की चकती यंत्राच्या पोटातच हवी असं कुठे आहे? ती दोन तारांच्या मध्ये आडवी बसते. यंत्राचा प्लग लावलेल्या भिंतीवरच्या बोर्डात दुसरं सॉकेट रिकामंच होतं, आणि दोन्ही सॉकेटांना मिळून बोर्डाचा फ्यूज एकच; चकती फुटली की तो उडणार आणि यंत्राचीही वीज तुटणार.

तिने चकतीचे पाय एका प्लगला जोडले. फुटली तर आग नको, म्हणून ती चिनी मातीच्या डबीत बंद केली आणि प्लग रिकाम्या सॉकेटात खोचला. यंत्राला धक्काही लागला नाही.

"एवढंच?" वहिनींनी विचारलं.

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातला दिवा डोळे दिपतील असा पेटला. डबीत फाटकन आवाज झाला, जळका वास आला, आणि यंत्र बंद. शेजारच्या सुताराच्या टीव्हीतून धूर निघाला, तो ओरडत रस्त्यावर आला.

"तुझ्या त्या डबीनेच घात केला!" वहिनी रडवेल्या झाल्या. "फ्यूजची तार बांध आधी!"

पकडने मीटर लावला. आकडा दोनशे तीस व्होल्टच्या आसपास हवा, तो होता साडेतीनशेच्या वर.

"नाही बांधणार."

"पिल्लं मरतील गं!"

"आत्ता बांधली तर यंत्र जाईल, मग नक्की मरतील. खांबावरची न्यूट्रल तार तुटली असणार, म्हणून दाब चढलाय. रजया आणा. झाकण उघडू नका, आतली ऊब टिकेल."

वहिनी रजया आणायला धावल्या. दोघींनी यंत्र चहूबाजूंनी गुंडाळलं. पकडने वीज मंडळाला फोनवर फोन केले. तारवाले आले, एकजण खांबावर चढला, तोवर वहिनी रजईवर हात ठेवून बसून होत्या. मधेच सुतार डोकावला आणि कोण आजारी आहे म्हणून विचारून गेला.

मीटरवरचा आकडा जागेवर आला, तेव्हा पकडने फुटकी चकती काढली, तिथे नवी लावली, फ्यूजची तार बांधली. यंत्राचे आकडे उजळले. ऊब थोडी उतरली होती, फार नाही.

पिल्लं एक दिवस उशिरा निघाली. काही अंडी फुटलीच नाहीत. ती वहिनींनी गुपचूप बाजूला ठेवली. बाकीची पिल्लं ओली, वेडीवाकडी, एकमेकांवर कोसळत होती. वहिनींनी त्यातलं एक उचलून पकडच्या तळहातावर ठेवलं.

"घट्ट धरू नकोस," त्या म्हणाल्या. "पेचकस नाहीये ते."