भैरवाचा कौल

मोखाड्यात माणूस पैशात असताना लोक त्याच्याकडे जेवढं बघत नाहीत, तेवढं तो बुडाल्यावर बघतात. हे मी रागानं म्हणतेय, आणि तो राग जाईल असं मला वाटत नाही.

संस्थान विलीन झालं तेव्हा हे जव्हारच्या खजिन्यात मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी गेली, पण मुंबईच्या एका बँकेनं मोखाड्यात शाखा काढली आणि ह्यांना म्यानेजर नेमलं. मोटार आली, ग्रामोफोन आला. ओटीवर माणसांची रीघ लागायची. कुणी मध आणून द्यायचं, कुणी कोंबडी. मग मुंबईत बँक बुडाली. मालक परागंदा झाले आणि गावाच्या तावडीत सापडले ते हे. आमची सगळी पुंजी त्याच बँकेत होती, मोटारही विकली, पण ते कुणाला खरं वाटेना.

नूरमोहम्मदच्या दुकानात मी जाडंभरडं कापड मागितलं, तर तो हसून म्हणाला, "काय भाभी, कुणाला दाखवायला? साहेबांनी काय कमी ठेवलंय घरात?" आणि त्यानं माझ्यापुढं मलमलीचं ठाण टाकलं. मी तशीच परत आले. एका सकाळी उठून पाहते तर अंगणातली तुळस उपटलेली, खाली हातभर खड्डा! सोनं शोधत होते मेले. हे कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसले, तर लोक मुद्दाम वाकडी वाट करून बघायला येत, पण अर्ज शेजारच्याकडून लिहून घेत. उपाशी माणसाची दया येते. पण कालपर्यंत तूपभात खाणारा उपाशी असेल तर लोकांना त्याची गंमत वाटते.

सगळ्यात जास्त मला भीती वाटायची ती गोजाबाईची. तिचा नवरा जंगलात लाकूडतोडीला गेला असता झाडाखाली सापडून मेला. ठेकेदारानं दिलेले पैसे तिनं ह्यांच्या शब्दावर बँकेत ठेवले होते. ती भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. ह्यांना बघितलं की फक्त पाठ फिरवून उभी राहायची. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फाल्गुन आला आणि बोहाड्याची तयारी सुरू झाली. आमच्याकडे बोहाड्यात देवांचे मुखवटे घालून नाचतात, आणि कोणता मुखवटा कोणत्या घरानं घ्यायचा हे पिढ्यांपासून ठरलेलं. काळभैरव आमच्या घराचा. पंचांत कुजबूज झाली, की ह्या माणसाच्या तोंडावर देव कसा द्यायचा. देवळाचा म्हातारा पुजारी देवराम तेवढा ठाम राहिला. "मुखवटा चढला का आत कोन हाय ते इचारायचं नाय," तो म्हणाला. "तिथं देवच आसतो."

पण मला एकांतात त्यानं सांगितलं, "लोकांनी आरती नाय केली, पाठ फिरवली, तर मंग गावात तुमचं कठीन हाय, बाई." ते मलाही कळत होतं. नाशिकच्या माझ्या भावानं कधीचं बोलावलं होतं. हे म्हणाले, "भैरवाला लोकांनी हात जोडले तर राहू. नाही तर सकाळच्या एस्टीनं जाऊ." मी ट्रंक भरून दाराशी ठेवली आणि बोहाड्याला गेले.

आमचं सोंग निघालं तेव्हा उजाडायला आलं होतं. संबळ वाजायला लागला, टेंभे मागेपुढे झाले आणि भैरव डुलत रस्त्यावर आला. लाकडी मुखवटा जड, ह्यांचे पाय लटपटत होते. उपासमारीनं अंगात काही उरलंच नव्हतं. कुणी दगड मारील, कुणी नावानं हाक मारील, असं वाटून मी प्रत्येकाच्या हाताकडे बघत होते. दोन्ही बाजूंना माणसं गप्प उभी होती. कुणी पुढे येईना.

मग गर्दीतून गोजाबाई निघाली. आत कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर तिनं ह्यांना बघून पाठ फिरवली होती. पण आता तिच्या हातात आरतीचं ताट होतं. तिनं भैरवाला ओवाळलं आणि रस्त्यावर आडवी होऊन दोन्ही पाय धरले. तिचं बघून बाकीच्यांचेही हात जोडले गेले. मला रडू फुटलं. राहिलो, मी मनात म्हटलं, आम्ही राहिलो.

गोजाबाई उठून गुडघ्यांवर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, मना कायबी नको. पन ज्यानी माज्या घरधन्याचा पैका बुडवला, त्याला कंदी सुखाचा घास लागू देऊ नको. सांग देवा, आयकशील ना?"

संबळ थांबला. मागणं मागितलं की भैरवानं मान हलवून कौल द्यायचा, ही रीत. कुणी हसलं नाही, कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. सगळ्यांची नजर मुखवट्यावर. नाही म्हणा, मी आतल्या आत ओरडत होते. नुसते उभे राहा, थकलाय असं समजतील लोक.

मुखवटा खाली झुकला. हळूहळू, नीट, सगळ्यांना दिसेल असा. गोजाबाईनं समाधानानं डोळे पुसले आणि संबळ पुन्हा सुरू झाला.

देवळामागं देवरामनं मुखवटा उतरवला. ह्यांच्या कपाळावर लाकडाचे वळ उठले होते. मी सगळ्यांदेखत ओरडले, "हो का म्हणालात? स्वतःच्या हातानं शाप घेतलात!"

त्यांनी आधी पाणी मागितलं, ते प्यायले आणि मग म्हणाले, "ती देवाकडे आली होती गं. तिला पुन्हा कसं फसवू?"