उसनी गोळी

अंगणभर मक्याची कणसं पसरलेली, आभाळ खाली वाकून बघायला लागलेलं, आणि नेमकी अशा घाईत शेळीवाली काकी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. हात रिकामे होते, म्हणजे काहीतरी मागायला आली होती.

"पोरी, तुझ्या सासऱ्याची ती जिभेखालची गोळी आहे ना, त्यातली एक दे की. आमच्या मालकांना माळ चढताना छातीत धरतंय."

सून एका कडेवर दहा महिन्यांची लेक आणि दुसऱ्या हातात दाताळं घेऊन कणसं ओढत होती. ती थांबलीसुद्धा नाही.

"काकी, ती गोळी म्हणजे वाटीभर साखर नाही उसनी न्यायला. काकांना दवाखान्यात दाखवा."

"दवाखाना नऊ मैलांवर. शेळ्या काय तू राखणार? चार बुकं शिकलीस म्हणून दुसऱ्याच्या छातीत दुखत नाही होय गं?"

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" सुनेच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिलाच चटका बसला. काकीनं पाठ फिरवली. पायातली चप्पल आपटत निघून गेली.

तशी सून काही कंजूष नव्हती, पण त्या गोळ्यांवर तिचा जीव टांगलेला होता. दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांच्या छातीचं दुखणं निघालं, तेव्हा डॉक्टरांचा शब्द न् शब्द तिनंच ऐकून ठेवला होता. दुखायला लागलं की आधी खाली बसायचं. गोळी जिभेखाली ठेवायची, चावायची नाही, गिळायची नाही. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर गाडी बोलवायची. पाच-पाच मिनिटांनी अशा तीनच गोळ्या, त्यापुढे नाही. गोळी तिच्या पाकिटातच ठेवायची. आणि ज्याची आहे, त्यानंच घ्यायची.

हे शेवटचं मात्र आळीच्या पचनी पडलं नाही. सासूबाईंचा हात सढळ. कुणी "जरा छातीत जळजळतंय" म्हटलं की कात्री घेऊन पाकिटातून एक गोळी कापून द्यायच्या. गिरणीवाल्यानं तर उभ्या-उभ्या गोळी घेतली आणि चक्कर येऊन तो पिठाच्या पिंपात पडला. बाहेर निघाला तेव्हा त्याच्या बायकोनंही ओळखलं नाही. आळी आठ दिवस हसली. एकटी सूनच हसली नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे तिला दिसत होतं. पाकिटात आता एकच गोळी उरली होती. नवरा मालाच्या ट्रकवर, परवा येणार होता. येताना नवीन पाकीट आण म्हणून तिनं त्याला फोनवर तीनदा सांगितलं होतं.

दुपार कलली आणि वारा सुटला. मातीचा लोट अंगणात आला, मागोमाग टपोरे चार थेंब. मका भिजला तर काळा पडणार, वर्षाचा दाणा जाणार. सगळे पोती ओढायला धावले. सासऱ्यांना वजन उचलायचं नाही अशी ताकीद होती, पण मका भिजताना कुठला शेतकरी ताकीद ऐकतो?

"बाबा, ठेवा ते!"

"अगं, एवढं एकच."

त्या एकाची तीन झाली. तिसरं पोतं उंबऱ्यावर टेकवून ते तसेच वाकून राहिले. छातीवर हात गेला. कपाळावर घाम आला, तो पावसाचा नव्हता.

सुनेनं लेकीला सासूच्या हातात कोंबलं, सासऱ्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि कोनाड्याकडे धावली. पाकीट होतं. गोळी नव्हती. कडेला कात्रीनं कापल्याची सरळ रेघ तेवढी होती.

"आई, गोळी कुठंय?"

सासूबाई पांढऱ्या पडल्या. "शेळीवालीला दिली. मघाशी, तू विहिरीवर गेलीस तेव्हा. तू तिला दारातून तसंच हाकललंस, मला घास उतरला नसता गं. वाटलं, ट्रंकेत दुसरं पाकीट आहे."

"ते तापाच्या गोळ्यांचं आहे, आई!"

तिनं गाडीसाठी फोन लावला. ओढ्याला पाणी चढतंय, वळसा घालून पाऊण तास लागेल, म्हणाले. एवढ्यात आरडाओरडा ऐकून गिरणीवाला धावत आला. सदऱ्याच्या खिशात बोटं घालून त्यानं एक गोळी काढली. सुटी, पिठानं माखलेली.

"घे, तुझ्या सासूनं मला मागं दिली होती दुसरी. दे पटकन!"

"हीच कशावरून?"

"पांढरी आहे की!"

"उंदराचं औषधही पांढरं असतं, भाऊ. पाकीट कुठंय?"

"आता पाकीट बघत बसणार? म्हातारा जातोय!"

"दे गं, दे!" सासूबाई रडत ओरडल्या. एका हातात त्यांनी गोळी गिळायला पाण्याचा तांब्याही धरला होता. सासरे डोळे मिटून "डावा हात... डावा हात..." एवढंच म्हणत होते.

सुनेच्या तळहातावर ती गोळी होती. देवाशप्पथ, तिला वाटलं घालावी तोंडात आणि व्हायचं ते होऊ दे. पण कसली, कधीची, काहीच ठाऊक नसलेली वस्तू ती लेकीच्या तोंडात घालेल का? तिनं मूठ मिटली. "आई, पाणी पाजू नका. त्यांना आडवं होऊ देऊ नका." एवढं बोलून ती पावसात पळाली.

शेळीवाली दारातच होती.

"काकी, मघाची गोळी."

तिनं सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं. सकाळचं सगळं बोलणं त्या दोघींच्या मध्ये उभं होतं. मग सुनेचा चेहरा नीट दिसला तिला, आणि पुढचं काही ऐकायची गरजच उरली नाही.

"मालकांच्या खिशात आहे. ते माळावर."

म्हणाली आणि गोठ्याबाहेरच्या दगडावर चढून तिनं अशी हाळी दिली, की माळावरच्या शेळ्याही माना वर करून थांबल्या. एकदा. दोनदा. वर एक टोपी हलली आणि म्हातारा चिखलातून घसरत, उठत, पुन्हा धावत खाली आला. खिशातून त्यानं चांदीच्या कागदात तशीच बंद असलेली गोळी काढली.

"घेतली नाही अजून. भ्यायलो."

त्याला पुढचं बोलता येईना. तो त्याच दगडावर बसला. ओठ राखेसारखे झालेले, हात सदऱ्याच्या गुंड्यांशी चाळा करत होता. सुनेनं सासऱ्यांचा चेहरा आत्ताच बघितला होता. हा तोच चेहरा होता.

गोळी एक आणि छात्या दोन.

शेळीवालीलाही ते दिसलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

"मला काय झालंय? धावलो म्हणून," म्हातारा पुटपुटला.

"जा तू," काकी म्हणाली. "ज्याची आहे, त्याला दे. जा!"

सुनेनं तिथूनच पुन्हा फोन लावला. "दोघं आहेत. पेशंट दोन आहेत, लिहून घ्या!" मग काकांना टेकून बसवायला सांगून ती पळाली. पळताना ती रडत होती की पाऊसच होता, तिचं तिलाच कळलं नाही.

सासऱ्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली. मोबाइलवरचे आकडे बदलायचं नाव घेईनात. एक मिनिट. दोन. बाहेर मका सरळ भिजत होता, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. चौथ्या मिनिटाला सासऱ्यांनी लांब श्वास सोडला.

"ओझं उतरतंय. पण डोकं ठणकायला लागलंय गं."

"ठणकू दे बाबा, ठणकू दे!" ती म्हणाली. डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं.

गाडी आली ती तासानं. तिनं आधी गाडी शेळीवालीच्या दारात नेली. काका "शेळ्या, शेळ्या" करत होते. गिरणीवाल्यानं त्यांना उचलूनच आत बसवलं. "शेळ्या मी राखतो. गिरणी बंद राहिली तर पीठ कमी सांडेल तेवढंच."

सासरे चौथ्या दिवशी घरी आले. काकांना तेरा दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, या दोघांत जास्त बिघडलेली छाती काकांचीच होती. ते ऐकलं त्या दिवशी सुनेला जेवण गेलं नाही.

काका आले त्याच संध्याकाळी काकी कुंपणापाशी आली. या वेळी हात रिकामे नव्हते. नवऱ्याच्या नव्या पाकिटातून कापलेली एक गोळी तळहातावर होती, चांदीच्या कागदासकट.

"घे. उसनी होती."

"काकी, कापू नका हो ते! ती काकांची आहे."

"उसनं ठेवून मला झोप येत नाही."

सुनेनं काकीची मूठ मिटवली आणि ती तशीच धरून ठेवली. 

"फेडायचंच असेल तर एक करा. रोज सकाळी उठल्यावर काका बरे आहेत, एवढं मला हाक मारून सांगा."

"हे कसलं गं खूळ? कॉलेजात हेच शिकवलं?" काकी म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

सकाळी काळ्या पडलेल्या मक्यातून सून चांगले दाणे निवडत बसली होती. लेक शेजारी माती खात होती. कुंपणापलीकडून आवाज आला, शेळ्यांना घाबरवील असा.

"उठले गं बाई! शिव्या देत उठले!"

सुनेनं लेकीच्या तोंडातली माती बोटानं काढली आणि ओरडून सांगितलं, "आमचेही!"