मंगळावरचा गैरमुल्की

नेकनूरच्या मन्मथप्पाला राक्षस करून करून कंटाळा आला होता.

त्याचा धंदा किराण्याचा. पण वैशाखातल्या जत्रेत जी सोंगं निघत, त्यांचे मुखवटे करायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याकडं होता. बापाने केलेल्या मातीच्या साच्यावर रद्दीचा लगदा आणि चिंचोक्याची खळ थापायची, वाळलं की गेरू, हळद, काजळी फासायची, झाला रावण. दुसरा साचा घ्यायचा, झाली त्राटिका. वीस वर्षं हेच चाललं होतं. लोक म्हणत, "अप्पा, रावण कसा हुबेहूब झालाय!" मन्मथप्पा मनात म्हणे, हुबेहूब कुणासारखा रे? तुझ्या घरी जेवून गेला होता का रावण? हुबेहूब असेल तर माझ्या बापाच्या रावणासारखा, त्यात माझं काय? पन्नाशी आली, तरी स्वतःच्या डोक्यातून निघालेला एक चेहरा या जगात नाही, हे त्याला आतल्या आत खात होतं.

त्या साली पहाटेच्या आभाळात शेपटीचा तारा दिसायला लागला. कुणी म्हणालं पटकी येणार, कुणी म्हणालं राजा बदलणार. मन्मथप्पाच्या दुकानात मात्र भलतंच घडलं. सोलापूरहून आलेल्या रद्दीत एक मासिक निघालं आणि जिऱ्याची पुडी बांधता बांधता त्याची नजर पानावर अडली. मंगळ म्हणजे नुसती पत्रिकेतली पीडा नव्हे, पृथ्वीसारखीच भुई आहे, असं तिथं छापलं होतं. हवा विरळ, ऊन मंद, थंडी कडक, पाणी औषधापुरतं. आपल्याकडं एक मण भरणारा माणूस तिथं पंधरा शेरच भरेल. दुर्बिणीतून रेघा दिसतात, ते कालवे असावेत असं काही विद्वानांचं म्हणणं. शेवटची ओळ होती, 'तेथील लोक दिसण्यास' आणि तिथंच पान संपलं.

पुढचं पान भिवराबाईच्या हिंगाच्या पुडीला गेलं होतं. ही भिवराबाई सत्तरीची कुणबीण, चार एकर कोरडवाहू एकटीनं कसणारी, जिभेला हाड नसलेली. मन्मथप्पा धावत तिच्या दारात गेला.

"मावशे, हिंगाचा कागद कुठाय?"

"चुलीत घातला."

"आगं, त्यात मंगळावरची मानसं होती!"

"मग ऊब घेतली आसंल त्यांनी," भिवराबाई म्हणाली.

मन्मथप्पा दोन दिवस हळहळला. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की बरंच झालं. पान मिळालं असतं, तर पुन्हा दुसऱ्याचंच हुबेहूब करावं लागलं असतं. त्यानं नवी माती कालवली.

पहिला मुखवटा झाला तो लालभडक. दोन शिंगं, चार सुळे, जीभ हनुवटीपर्यंत. गावातला सुग्रीव नावाचा गडी दरवर्षी सोंग घेऊन नाचायचा, त्याला तो भारी आवडला. तेल न्यायला आलेल्या भिवराबाईनं मात्र एकदा बघितलं आणि नाक मुरडलं.

"हा तुझा मागल्या सालचाच राक्षस हाय. शिंगं कावून दिलीस?"

"भ्या वाटावं म्हनून."

"कुनाला? तिथं तर त्योच घरचा धनी हाय. बैलाला शिंगं हायत ती वाघासाठी. तिथं वाघ हाय का? आन् पानी औषधापुरतं म्हनतोस, मग येवढी जीभ भायेर काढून बसलाय कशाला? वाळून जाईल की."

मन्मथप्पाला राग आला. असा आला की त्यानं तेल मापायचं सोडलं आणि शिंगं मोडली. मग सुळे मोडले. रात्रभर झोपला नाही म्हणतात तसं काही नाही, चांगला झोपला, पण सकाळी उठला तो डोक्यात एकच धरून की जे कावून म्हटल्यावर उत्तर देईल, तेवढंच ठेवायचं.

मग महिनाभर त्या दुकानात वाणसामान कमी आणि मंगळ जास्त विकला गेला. ऊन मंद, म्हणून डोळे मोठे केले. इथलं ऊन सोसायचं नाही, म्हणून त्यांवर जाड पापण्या. हवा विरळ, म्हणून नाकपुड्या रुंद. अशा हवेत हाक लांब पोचायची नाही, म्हणून तो हातांनीच बोलणार. तोंडातली ओल उडू नये म्हणून तोंडावर कातड्याची झापड, जेवतानाच काय ती उचलायची. चालेल कसा, हे भिवराबाईनंच सांगितलं. "तिथं त्यो हलका, मग हितं त्याला पाठीवर दोन पोती घेतल्यागत व्हईल." सुग्रीव लगेच ओट्यावरून तसा चालून दाखवू लागला. उंची किती, यावर दोन आठवडी बाजार होईतो गावभर भांडण झालं. शेवटी सुग्रीवच्या डोक्यावर एक वीत, असं ठरलं.

मुखवटा जवळजवळ पुरा झाला. मातकट रंगाचा, शांत. भिवराबाई त्याच्यापुढं बसून राहिली.

"समदं बराबर हाय. पर अजून ह्यो आला न्हाई."

"आता काय ऱ्हायलं?"

"त्याला लाज कशाची वाटती?"

"आं?"

"लाज रे. ज्याला लाज न्हाई त्यो एक तर देव, न्हाईतर दगूड."

मन्मथप्पा उठला. तो आत गेला, तांब्याभर पाणी प्याला, थोडं धोतरावर सांडलं आणि तिथंच थबकला. बाहेर येऊन म्हणाला, "पानी सांडल्याची. कुनी पानी सांडलं की त्यो दोनी हातांनी डोळे झाकून घेतो. आपलं सांडलं तरी, दुसऱ्याचं सांडलं तरी."

भिवराबाईनं वाकून मुखवट्याकडं पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "आता आला बघ." मन्मथप्पाचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाला तरी जन्माला घातलं होतं, आणि ते बापाच्या साच्यातून निघालेलं नव्हतं.

जत्रेआधी सोंगांची यादी पाटलांकडं द्यावी लागे. सुंदरराव पाटील माणूस सरळ, पण वरच्याला भिणारा. तो बोरू घेऊन बसला.

"देव लिहू?"

"न्हाई."

"राक्षस?"

"न्हाई."

"भूत हाय का मग?"

"जो मेलाच न्हाई त्यो भूत कसा व्हईल, पाटील?"

"आरं मग लिहू काय? कुठला हाय त्यो?"

मन्मथप्पानं डोकं खाजवलं. असल्या प्राण्याला मराठीत शब्द नव्हता. पण सरकारी शब्द होता. निजामाच्या राज्यात जन्मला तो मुल्की, राज्याबाहेरचा तो गैरमुल्की. मंगळ काही निजामाच्या हद्दीत येत नव्हता. "गैरमुल्की लिवा," तो म्हणाला, आणि पाटलानं लिहिलं.

पुढं काय झालं ते सांगायलाच नको. ध चा मा व्हायला आपल्याकडं वेळ लागत नाही. नेकनुरात म्हणत, अप्पाकडं गैरमुल्की आहे. चौसाळ्याच्या बाजारात म्हणाले, अप्पानं गैरमुल्की ठेवलाय. तालुक्याच्या चौकीत खबर पोचली ती अशी की नेकनूरच्या वाण्यानं माळ्यावर एक गैरमुल्की इसम लपवला आहे, तो तोंड झाकून असतो, कुणाशी बोलत नाही, हातांनी खुणा करतो आणि चारचौघांत पाणीसुद्धा पीत नाही. इंग्रजी मुलखातून पळालेली माणसं हद्दीत दडतात, त्यांच्यावर नजर ठेवा, असा वरून हुकूमच होता. अमीनसाहेब, म्हणजे चौकीचे मोठे अंमलदार, चार जवान घेऊन घोड्यावरून आले.

त्यांनी माळा झाडला, पोती उलथली, कणगीत भाले खुपसले. साप साप म्हणून तासभर भुई धोपटल्यावर हाती लागला तो मुखवटा. बाहेर सगळं गाव जमलेलं. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तिथंच मन्मथप्पाचं नशीब फिरलं. ज्याचं हसं होतं तो अंमलदार खऱ्या चोराला सोडील, पण हसणाऱ्याला सोडत नाही.

"पंचनामा करो!" अमीनसाहेब गरजले. कागदावर चढलं, 'गैरमुल्की नग एक, कागदी, तोंडावर झापड.' मुखवटा फडक्यात बांधून वर लाखेची मोहोर लागली. मग मन्मथप्पाकडून लिहून घेतलं की जत्रेत गैरमुल्की लोकांपुढं येणार नाही. देव आणि राक्षस यांना इजाजत आहे.

"देव चालतो, राक्षस चालतो, मग ह्योच कावून न्हाई?" मन्मथप्पानं विचारलं.

"देव-राक्षस का गाँव नहीं होता," अमीनसाहेब म्हणाले. "ये कहीं से आया है."

खरं बोलले. घाबरायचं ते त्यालाच, जो कुठून तरी आलाय आणि ज्याचं कावून विचारलं तर उत्तर मिळतं. मन्मथप्पानं सही केली.

पाटील समजुतीला आला. "अप्पा, रावन काढा औंदा. हाय की घरात."

"त्यो माझ्या बापाचा हाय, पाटील. माझा चौकीत हाय."

सुग्रीव आला, तोंड पाडून. महिनाभर दोन पोत्यांची चाल गिरवली, सगळी पाण्यात गेली म्हणाला.

मन्मथप्पानं त्याला ओट्यावर उभं केलं. "औंदा तू मंगळावरचा न्हाईस. तू नेकनूरचा साधा कुनबी. तुझ्या दारात त्यो पाव्हना आलाय."

"पर पाव्हना कुठाय?"

"तू सांग मला. केवढा हाय त्यो?"

सुग्रीवचा हात आपसूक वर गेला आणि आपल्या डोक्यावर बरोबर एक वीत थांबला. त्यानं त्या हाताकडं बघितलं, मग अप्पाकडं बघितलं, आणि त्याला हसू फुटलं.

"येवढंच पायजे," मन्मथप्पा म्हणाला. "लिहून दिलंय त्यातलं एक अक्षर मोडायचं न्हाई. त्यो येनारच न्हाई. काय करायचं ते करा म्हनावं."

जत्रेच्या दिवशी उन्हं कलायच्या वेळी रावण नाचून गेला, त्राटिका नाचून गेली. अमीनसाहेब पुढच्या खुर्चीवर, बाजूला पाण्याचा तांब्या, मागं जवान. मग सुग्रीव आला, बिनमुखवट्याचा, खांद्यावर घोंगडी. मधल्या मोकळ्या जागेत त्यानं समोर कुणीतरी असल्यासारखं पाहिलं. मान जरा वर करून, एक वीत वर.

"या पाव्हनं," तो म्हणाला. "दमलात? आमच्याकडं वज्जं लई भरतं."

सुग्रीव सावकाश चालू लागला, शेजारच्या कुणाच्या जड पावलांसाठी थांबत थांबत. वाटेत बसलेली बाया-माणसं उठून बाजूला झाली आणि त्याच्या शेजारी एका माणसाची वाट मोकळी ठेवली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. महिनाभर ज्यांनी त्याच्या उंचीवरून भांडणं केली, त्यांना तो दाखवायची गरज नव्हती. मन्मथप्पा देवळाच्या पायरीवरून बघत होता.

"ये क्या तमाशा है?" अमीनसाहेब म्हणाले. "किधर है, कौन है?"

त्यांनी हसल्यासारखं केलं, तांब्या उचलला, खळखळून चूळ भरली आणि सगळ्यांदेखत जमिनीवर पचकन टाकली. मग उरलेल्यातलं अर्धं पाणी मुद्दाम मातीत ओतलं; पाव्हण्याला लाज कशाची वाटते, हे त्यांच्याही कानावर गेलं होतं.

सुग्रीवनं रिकाम्या जागेकडं बघितलं. ओशाळला, आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले. पुढच्या रांगेत भिवराबाईनं झाकले. मग तिच्या मागच्या बाईनं, मग पुरुषांनी, मग झाडावर चढलेल्या पोरांनी एका हातानं फांदी धरून दुसऱ्यानं. बघता बघता सगळी जत्रा डोळे झाकून उभी राहिली. सुंदरराव पाटलानं इकडं तिकडं पाहिलं, आणि त्यानंही झाकले.

"हाथ नीचे!" अमीनसाहेब ओरडले. एकही हात खाली आला नाही. ते पायरीकडं वळले. "तूने लिख के दिया था! गैरमुल्की को किसने लाया?"

मन्मथप्पानं डोळ्यांवरचे हात काढले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "कुनीच न्हाई, साहेब. त्यो तुमच्या चौकीत हाय. मोहोर तुमचीच हाय. हितं कुनी दिसला आसंल, तर तुमी तसं लिवा, मी आंगठ्यासकट सही करतो."

अमीनसाहेब काय लिहिणार? रिकाम्या जागेत काय दिसलं म्हणून लिहिणार? ते खुर्चीत बसले. वैशाखाचं ऊन, घसा कोरडा पडलेला. तांब्याकडं हात गेला आणि मधेच अडला. त्यांनी एकदा सुग्रीवच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. मान जरा वर करून, एक वीत वर.

मग तांब्या तोंडाला लावला, आणि थेंब खाली पडू नये म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ हनुवटीखाली धरली.

बोटांच्या फटीतून भिवराबाई सगळं बघत होती. तिनं हात खाली घेतले, मन्मथप्पाकडं वळली आणि म्हणाली, "अप्पा, त्येलाबी दिसला."