रांगेत अडकलेले शब्द

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. म्हणजे जेवढी उरले आहे तेवढी. कारखान्यात माझी पानं कापली, दुमडली, मध्ये दोन पिना ठोकल्या आणि इतर बहिणींबरोबर मला गठ्ठ्यात बांधलं. माझ्या काही बहिणी चित्रकलेला गेल्या, काही गणिताला. माझ्या पुठ्ठ्यावर मात्र 'इंग्रजी शब्द' असं लिहिलं गेलं आणि मी भिंगरीच्या दप्तरात पडले.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही. आई घरीच कपडे शिवते. धाकटा भाऊ शाळेत तिच्या एक वर्ग खाली.

रोज दहा शब्द, प्रत्येक शब्द पाच वेळा आणि शेवटी अर्थ, हा इंग्रजीच्या बाईंचा नियम. भिंगरी तो कसा पाळायची ते ऐका. हात लिहीत असायचा, तोंड मैत्रिणीशी बोलत असायचं आणि डोळे खिडकीबाहेर असायचे. तीन कामं एकाच वेळी, आणि त्यात शब्द शिकणं हे एकही नाही!

मग पाठांतर. अर्थाची बाजू मागे दुमडायची आणि झुलत, ताल धरून म्हणत सुटायचं, "लॅडर शिडी, नॅरो अरुंद, बॉरो उसनं घेणं, ऑनेस्ट प्रामाणिक..." आईला इंग्रजी वाचता येत नाही. पोर कुठे अडखळली नाही म्हणजे तिला येतं, इतकं तिचं सरळ गणित. मापं द्यायला आलेल्या बायकांना ती कौतुकाने सांगायची, "काय घडाघडा म्हणते हो आमची!"

मी मात्र चडफडायचे. कारण तो नॅरो एकटा समोर आला असता, तर भिंगरीने त्याला ओळखही दाखवली नसती. लॅडरने हात धरून आणलं तरच तो यायचा. एकतीस पानं भरली. तीनशे दहा शब्द माझ्यात आले. एरवी बोलताना भिंगरीच्या तोंडून त्यातले किती बाहेर पडले? एकही नाही. मी मोजत होते ना!

एके दिवशी बाईंनी जाहीर केलं, "शुक्रवारी तोंडी परीक्षा. वीस शब्द विचारीन, कुठलेही. पंधरा आले नाहीत, तर महिनाभर इंग्रजीच्या तासाला खालच्या वर्गात बसायचं."

खालचा वर्ग म्हणजे धाकट्याचा वर्ग! बातमी भिंगरीच्या आधी घरी पोचली.

"ताई, माझ्या बाकावर जागा धरून ठेवू का?"

"गप बस हं! फटका खाशील."

"नाही, विचारून ठेवतोय. वर्गात तुला ताईच म्हणू, की नावाने हाक मारलेली चालेल?"

भिंगरी रडकुंडीला आली. तीन दिवस खेळायलाही गेली नाही. बसली आणि म्हणत राहिली. कसं? तसंच! पहिल्यापासून, ओळीने, झुलत. माझ्यासारख्या मुक्या वहीने किती कपाळ बडवून घ्यावं?

शुक्रवारी बाईंनी मला उघडलं आणि नेमकं एका पानाच्या मध्यावर बोट ठेवलं. "शेल्टर म्हणजे?"

भिंगरीने डोळे मिटले. ओठ हलू लागले.

"पुटपुटतेस काय? एकच शब्द विचारलाय मी."

"येतोय, बाई. अजून चौथ्यावर आहे."

वर्ग खो खो हसला. मागे बावन्न मुलं ताटकळत होती, बाई थांबणार कुठवर? वीसपैकी सहा आले, तेही सगळे पानांच्या सुरुवातीचे.

सोमवारी भिंगरी खालच्या वर्गात बसली. बाकाखाली तिचे गुडघे मावेनात. धाकट्याने सगळ्या वर्गाला तिची आवर्जून ओळख करून दिली. घरी येताच तिने मला जमिनीवर आपटलं.

"या वहीचाच दोष आहे! इतकं लिहिलं हिच्यात, आणि ऐन वेळी एक शब्द देईना!"

घ्या! दोष माझा! तिने माझं पान मुठीत धरून ओढलं, तसा मशिनवरून आईचा आवाज आला, "फाडू नकोस. फाडलेल्याचं पुढे काही होत नाही. राग काढायचाच असेल तर ती कात्री घे आणि सरळ काप."

भिंगरीने खरंच कापलं. एकेका शब्दाची एकेक पट्टी. दुखलं मला, खोटं कशाला बोलू? पट्ट्यांचा ढीग झाला. धाकट्याने त्यातली एक उचलली, अर्थावर अंगठा ठेवला आणि चिडवायचं म्हणून विचारलं, "सांगा ताईसाहेब, शेल्टर म्हणजे?"

"आसरा!" ती खेकसली. आणि स्वतःच दचकली. सुरुवात करायला रांगच उरली नव्हती! दुसऱ्या पट्टीला ती गडबडली, तिसरीला चक्क चुकली, पण चौथीच्या वेळी डोळे पुसून म्हणाली, "आणखी काढ."

त्या दिवसापासून मी आईच्या बटणांच्या डब्यात राहते. रोज आई पट्टी काढायची, धाकटा वाचायचा, भिंगरी सांगायची. आठवड्याभराने जिना चढताना ती सहज म्हणाली, "आई गं, केवढा नॅरो आहे हा जिना!" मित्रांनो, तीनशे दहांपैकी पहिला शब्द त्या दिवशी बाहेर पडला.

महिन्याने पुन्हा परीक्षा झाली. वीसपैकी सतरा!

"शाबास! ये परत आपल्या वर्गात," बाई म्हणाल्या. "वही दाखव बघू."

भिंगरीने डबा पुढे केला. बाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, काय दशा केलीस ही! उद्या नवी वही आण. रोज दहा शब्द, पाच-पाच वेळा. आणि जपून ठेव हं!"

भिंगरी "हो बाई" म्हणाली. काय करणार? नवी वही आली. तिचं पहिलं पान कालच भरलं, अगदी सुबक.

म्हणून कळवळून सांगते, मित्रांनो, वहीला कव्हर घाला, कोपरे दुमडू देऊ नका, हवं ते लाड करा. पण अधूनमधून पान मध्येच कुठेतरी उघडा, एखादा शब्द एकटाच उचला आणि त्याला घेऊन कुणाशी तरी बोला. तेवढंही होत नसेल, तर खुशाल कात्री घ्या. आम्ही सोसू.