रंगखात्यातली पॉप-अप चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. लाकडी नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावर टपकन उगवते ती, पॉप-अप. सोलापुरात, अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याच्या रंगखात्यात माझा जन्म झाला. तिथल्या ऑफिसातल्या वैजयंतीबाई मोबाइलवर बघून बघून जावास्क्रिप्ट शिकल्या आणि त्यांनी मला एका ओळीत लिहिले: ‘अलर्ट’, पुढे कंसात ‘तापमान’.

तापमान हे व्हेरिएबल. म्हणजे नाव लिहिलेला डबा; नाव तेच, आतला आकडा बदलता. रंगाच्या टाकीचे झाकण उघडण्याआधी मी त्या डब्यात डोकावून आकडा सांगायचे. ओके दाबेपर्यंत पडद्यावरचे बाकी काम थांबायचे. रंगारी महादेवप्पा आकडा मोठ्याने वाचत, मगच झाकणाला हात लावत.

“लई इमानदार हाय ही,” म्हणायचे. मी फुलून जायचे.

पुढे प्रोग्राम कुठेतरी चुकू लागला. चूक शोधायला बाईंनी माझ्यासारख्या अकरा चौकटी पेरल्या: पाणी किती, रंग किती, वेळ किती. चूक सापडली, चौकटी काढायच्या राहून गेल्या. दर दोन मिनिटांनी एक उगवायची.

“म्याडम, हात रंगात, अन् हे म्हणतंय ओके दाब. नाकानं दाबू व्हय?”

एंटर दाबले की ओके दाबले जाते, म्हणून शेवटी महादेवप्पांनी एंटरच्या बटणावर सुताचा भरलेला कोन, म्हणजे शंकूसारखे जड रीळ, ठेवून दिला. आम्ही उगवताक्षणी मिटू लागलो.

बाई हसल्या. “गप बसलं की एकदाचं!”

तेव्हापासून पडदा मोकळा दिसला की झाकण उघडायचे, अशी पद्धतच पडली.

एका सकाळी टाकीतल्या तापमापकाची वायर निघाली. मी उगवले, ‘अनडिफाइंड’ म्हणाले. म्हणजे डब्यात काहीच नाही. कुणी वाचण्याआधी मिटले. महादेवप्पांनी झाकण उघडले. वाफेने उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

त्यांची बायको सारजाबाई कारखान्यात राहिलेल्या त्यांच्या चपला न्यायला आली.

“बोटं मिटत न्हाईत त्यांची. बाई, तुमच्या यंत्रानं सांगितलं न्हाय व्हय?”

“सांगितलं होतं, सारजाबाई. आम्हीच त्याचं तोंड दाबलं.”

आता झाकणाला कुलूप आहे. टाकी निवल्याशिवाय उघडत नाही. बाईंनी अकराही चौकटी पुसल्या. मला पुसवेना, म्हणून माझ्याआधी दोन तिरक्या रेघा मारल्या. त्या रेघा दिसल्या की प्रोग्राम मला ओलांडून जातो. मी फाइलीत आहे, पण मुकी.

मित्रांनो, कामाचे नसेल तिथे मला बोलवू नका. आणि बोलावलेत, तर मिटवण्याआधी एकदा वाचा. महादेवप्पा सध्या डाव्या हाताने जेवायला शिकताहेत.