मऊ आवाजाचा व्हॉल्व्ह

निरुपमाने फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, टेलिफोनवर गोधडी टाकली आणि पदराने मान पुसत ती नवऱ्यासमोर येऊन बसली. मे महिन्यातलं बडोदं, सगळ्या खिडक्या लावलेल्या, आणि या गृहस्थाला सारंगी ऐकायची होती.

मुकुंदाचा डावा कान गेला होता, उजवाही जात चालला होता. घराण्यातच होतं ते. पणजोबा सरकारी तोफखान्यात होते. ते बहिरे झाले तेव्हा सगळ्यांनी तोफांना बोल लावला. पुढे आजोबा झाले, मग वडील, आणि वडिलांनी तर दिवाळीत फुलबाजीपलीकडे काही उडवलं नव्हतं. उजवा कान वर्षभर तरी टिकेल का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. कानाचं मशीन आणलं, पण त्यातून सगळं जग पत्र्यासारखं वाजतं म्हणून त्याने ते कपाटात टाकलं.

आणि मग हे प्रीअँपचं वेड शिरलं. शहरात सीडीची दुकानं निघाली होती, लोक जुने रेडिओ भंगारात काढत होते, आणि हा त्याच भंगारातून काचेचे व्हॉल्व्ह शोधत फिरत होता. प्रीअँप त्याने स्वतःच जोडला होता. रेकॉर्डचा आवाज स्पीकरकडे जाण्याआधी या पेटीतून जायचा, आणि आत कुठला व्हॉल्व्ह आहे त्यावर तो मऊ येणार की कोरडा, हे ठरायचं. रशियन व्हॉल्व्ह कोरडा निघाला. दुसरा गोड होता, पण घुमायचा. तिसऱ्याचा खर्ज झकास, वर मात्र किरकिर. दर वेळी बटण बंद करायचं, व्हॉल्व्ह निवू द्यायचा, रुमालात धरून उपसायचा, दुसरा बसवायचा आणि तो तापेपर्यंत पुन्हा थांबायचं. तेवढ्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही. कान थकतो म्हणे!

निरुपमाचा संताप व्हायचा तो याचाच. उरलंसुरलं ऐकू येणं हा माणूस सारंगीवर उधळत होता. तिला त्याच्याशी बोलायचं होतं. नोकरी, मुलगा, पाहुणेरावळे यांत बोलायचं राहूनच गेलं होतं. निवांत बोलू म्हणता म्हणता कान संपत आले होते.

गोधडीखाली फोन घुसमटत वाजला. मस्कतहून मुलाचा, रणवीरचा होता.

"केम छो, आई! बाबांना दे ने."

तिने रिसीव्हर पुढे केला. मुकुंदाने हातानेच नको म्हटलं. व्हॉल्व्ह तापत होता.

पुढच्या रविवारी बोलतील, असं काहीतरी सांगून तिने फोन ठेवला आणि तिचं डोकंच फिरलं. तिने रेकॉर्डवरची सुई उचलून बाजूला केली.

"पोराशी दोन शब्द बोलवत नाहीत तुम्हाला? माझ्याशीही नाहीत! ही सारंगी काय म्हातारपणी पाणी देणार आहे?"

"हळू, निरू." त्याने कानावर हात ठेवला. "टोचतो गं. तुझा आवाज टोचतो. पोराचा पण. ही रेकॉर्ड मूळची कशी वाजते ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून व्हॉल्व्ह हिच्यावर पारखतो. ही एकदा बराबर आली, की मग..."

तो वाकला. टेबलाखालून त्याने एक माईक आणि हेडफोन काढले, तारा पेटीला जोडल्या, हेडफोन डोक्यावर चढवला आणि माईक तिच्या हातात दिला.

"बोल."

इतके महिने तोंड दाबून बसलेल्या निरुपमाने माईक दोन्ही हातांत धरला.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "तुम्ही घरातच असाल, आणि मी एकटी पडेन."

त्याने डोळे मिटले. "परत. तेच बोल."

ती बोलली. त्याने व्हॉल्व्ह बदलला. ती पुन्हा बोलली. तिसऱ्या व्हॉल्व्हला तिला रडू फुटलं.

"अहो, मी काय म्हणतेय ते तरी कळतंय का? की नुसता आवाजच तपासताय?"

"पहिल्याच वेळी कळलं," मुकुंद म्हणाला. त्याचेही डोळे वाहत होते. "पण ते मला तुझ्या आवाजात ऐकायचं होतं."

तिने माईक पुन्हा तोंडाशी धरला.

"मग हा? हा माझा आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली.